शेपटीवरचे पांढरे ठिपके

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नाशिकला निघाल्या, तेव्हा त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि मला हॉलमधल्या काचेच्या टाकीपुढे नेऊन उभं केलं. टाकीत चार गोल्डफिश होते. तीन साधे नारिंगी, आणि चौथा तळहाताएवढा, डोक्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उंचवटा असलेला.

"हा ह्यांनी आणलेला," मोठ्या माशाकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या. "सात वर्षांचा आहे. ह्यांना जाऊन पाच झाली."

काकू निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. जास्त बोलायची सवय नाही. सकाळी चिमूटभर खाणं आणि रविवारी थोडं पाणी बदलायचं, एवढं सांगून त्या काठी टेकत लिफ्टकडे गेल्या. दीड महिन्यात येते म्हणाल्या.

आम्ही रहाटणीत सहाव्या मजल्यावर राहतो. त्या वर्षी नवऱ्याची बदली होसूरला झाली होती, त्यामुळे घरात मी आणि माझे वडील, आम्ही दोघंच. अण्णा लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात पट्टीबंधक होते. आयुष्यभर बैलांचे खूर साफ केले, शेळ्यांना औषधं पाजली, गाभण म्हशींपाशी रात्र रात्र बसले. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. इकडे आल्यापासून त्यांना काहीही विचारलं तरी एकच उत्तर मिळायचं, "बरं हाय." जेवण कसं झालं, बरं हाय. झोप लागली का, बरं हाय. दिवसभर ते गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या पार्किंगकडे बघत बसायचे. सहाव्या मजल्यावर जनावर कुठून येणार?

मी महाळुंगेच्या एका कंपनीत सांडपाणी शुद्धीकरण विभागात केमिस्ट आहे. सकाळी साडेसहाला कंपनीची बस, संध्याकाळी चाकणच्या चौकातलं ट्रॅफिक पार करून घरी यायला सहा-साडेसहा. माशांचं खाणं मी बसला जायच्या आधी उरकायची. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, आणि मग माझ्या डोक्यात एक हौस शिरली. एवढ्या मोठ्या टाकीत चारच मासे ओकेबोके दिसतात. काकू परत येतील तेव्हा त्यांना दोन नवीन मासे दिसले तर खूश होतील. रविवारी पिंपळे सौदागरच्या दुकानातून मी दोन छोटे पांढरे-लाल गोल्डफिश आणले आणि पिशवीतून सरळ टाकीत सोडले. फार छान दिसत होते. मी फोटोही काढला.

पुढच्या रविवारी पाणी बदलायला बादल्या उचलायच्या होत्या म्हणून अण्णांना हाक मारली. ते काकूंच्या घरात पहिल्यांदाच आले. बादली खाली ठेवली आणि टाकीकडे बघत उभे राहिले.

"ह्याच्या अंगावर काय पडलंय हे? रवा?"

मोठ्या माशाच्या शेपटीवर आणि कल्ल्यांवर बारीक पांढरे कण होते. मला ते दिसलेच नव्हते.

"खाण्याचा चुरा असेल, अण्णा."

"चुरा असता तर हलल्यावर पडला असता." त्यांनी काकूंचं स्टूल ओढलं आणि काचेला नाक लावून बसले. मोठा मासा तळाशी गेला, अंग तिरकं करून खड्यांवर घासलं आणि झटकन वर आला. "खाज सुटलीय त्याला. बैल खांबाला अंग घासतो, तसंच घासलालाय."

मला आठवतं, ते एवढं सलग बोलले याचंच मला आधी नवल वाटलं. काय बोलले ते नंतर डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीपाशी गेले तर नवीन आणलेल्या दोनपैकी एक मासा मरून वर तरंगत होता. उरलेल्या पाचही जणांच्या अंगावर ठिपके होते. मी रजा टाकली आणि दुकान उघडायच्या आधीच दाराशी जाऊन थांबले. दुकानदार माणूस भला होता. मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "व्हाईट स्पॉट आहे, ताई. नवीन मासा पंधरा दिवस वेगळा ठेवायचा असतो. मी तुम्हाला विचारलं होतं, घरी दुसरी टाकी आहे का म्हणून."

त्याने खरंच विचारलं होतं. मी 'आहे की' म्हणाले होते. मला वाटलं, टाकी आहे का एवढंच विचारतोय.

त्याने निळ्या औषधाची बाटली दिली, पाणी गरम ठेवायला काचेच्या नळीचा हीटर दिला आणि हवेचा पंप बंद करू नका म्हणून दोनदा बजावलं. जानेवारीची थंडी होती, टाकीचं पाणी हाताला गार लागत होतं.

घरी आल्यावर मी टेप घेऊन टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची मोजली, तळाच्या खड्यांची जागा वजा केली आणि किती लिटर पाणी ते काढलं. अण्णा बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचत होते.

"वजन किती धरायचं ह्यांचं?"

"माशाचं वजन नाही धरायचं, अण्णा. औषध पाण्याच्या मापाने टाकायचं."

"म्हणजे औषध पाण्याला द्यायचं," ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी जनावराच्या अंदाजे वजनावर डोस काढला होता. हे त्यांना नवीन होतं, आणि नवीन काही ऐकल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

औषध टाकलं. निळा रंग धुरासारखा पसरत गेला आणि टाकी शाईच्या दौतीसारखी झाली. मग मी एक अवघड काम केलं. काकूंना फोन लावला. ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. सांगू नये असंही वाटत होतं. मासे बरे झाले तर कुणाला कळणारही नव्हतं. पण मोठा मासा गेला तर त्या कुलूप उघडून आत आल्यावर मी काय तोंड दाखवणार होते?

मी सगळं सांगितलं. नवीन मासे मी आणले, वेगळे ठेवले नाहीत, एक मेला, बाकीचे आजारी आहेत.

"तो कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"ठिपके आहेत. खातोय अजून."

"मी आल्यावर सांगितलं असतंस तर मला राग आला असता," त्या म्हणाल्या. "आता रोज सकाळी दहा वाजता मला कळवायचं. जे असेल ते."

सकाळी दहाला मी कंपनीत असते, आणि प्लांटमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

असं अण्णांचं काम सुरू झालं. सकाळी मी गेले की ते काकूंचं दार उघडून टाकीपुढे स्टूलवर बसायचे. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं करून त्यावर लिहायचे. मोठ्या माशाच्या शेपटीवरचे ठिपके किती, कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात, खाल्लं की नाही. जनावराची नाडी धरता येत नाही तर श्वास मोजायचा, असा त्यांचा हिशेब. हातातल्या जुन्या घड्याळाचा काटा बघून ते कल्ले मोजायचे. पहिल्या दिवशी शेपटीवर एकतीस ठिपके होते. दहाला काकूंना फोन.

पण औषधाचा गुण येईना. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस ठिपके. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस, आणि मोठा मासा खाण्याकडे न बघता कोपऱ्यात हीटरखाली बसून राहिला. एक गोष्ट मला विचित्र वाटत होती. सकाळी औषध टाकलं की पाणी निळं व्हायचं आणि संध्याकाळी मी येईपर्यंत पुन्हा काचेसारखं स्वच्छ झालेलं असायचं.

"पचवलं असंल त्यांनी," अण्णा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. "उद्या परत टाकू."

चौथ्या दिवशी सकाळी मी कंपनीत रोजचे नमुने घेत होते. आमच्याकडे गाड्यांच्या भागांना रंग मारला जातो. ते रंगीत पाणी बऱ्याच टाक्यांमधून फिरून शेवटी कोळशाच्या फिल्टरमधून जातं. फिल्टरच्या आधीचा नमुना काचेच्या बाटलीत फिकट निळसर होता. नंतरचा अगदी नितळ. गेली नऊ वर्षं मी या दोन बाटल्या रोज शेजारी शेजारी ठेवते आणि वहीत 'रंग: नाही' असं लिहिते. त्या दिवशी लिहिता लिहिता पेन थांबलं.

काकूंच्या टाकीलाही फिल्टर होता.

मी हातमोजे काढून गेटजवळच्या कपाटापर्यंत जवळजवळ पळत गेले आणि अण्णांना फोन लावला. ते टाकीपुढेच होते.

"अण्णा, आधी फिल्टरचा स्विच बंद करा."

"केला."

"आता त्याचं झाकण काढा. वर पांढरा स्पंज असेल. त्याच्या खाली काय आहे?"

खुडबुड ऐकू आली. "जाळीची पिशवी हाय. काळी." थोडं थांबून म्हणाले, "कोळसा हाय हा."

"तोच. काढून टाका. स्पंज परत बसवा आणि स्विच चालू करा."

"हा कोळसा औषध खातो?"

"आम्ही कंपनीत त्याला तेच काम लावलंय. रंग खायचं."

पलीकडे ते हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. "म्हणजे तीन दिवस आपण कोळशाला औषध पाजलं," ते म्हणाले.

संध्याकाळी आले तेव्हा पाणी निळंच होतं. मी काचेपुढे उभी राहून त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिले. कंपनीत पाण्याला रंग राहिला तर आमची झोप उडते, आणि इथे रंग राहिला म्हणून माझ्या जिवात जीव आला.

पण दुसऱ्या दिवशी शेपटीवरचे ठिपके वाढलेच. अण्णांनी मोजले, बावन्न. कल्ल्यांचा वेगही वाढला होता. मी खचले. दुकानदाराला फोन करून दुसरं कडक औषध मागावं, किंवा याचंच माप दुप्पट करावं, असं मनात येत होतं. अण्णांना बोलून दाखवलं.

"बस जरा," ते म्हणाले. "तुझ्या मोबाईलवर बघून सांग, हे ठिपके अंगावरच मरतात, का गळून पडतात?"

मी वाचलं. ठिपक्याच्या आतला जंतू माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी पडतो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत जाऊन पुन्हा माशाला चिकटतात. औषध मारतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांना. पाणी कोमट असलं की हे सगळं भराभर होतं.

अण्णांनी मांडीवर हात मारला. "गोचीड हाय ही. दुसरं काय न्हाई, माय, गोचीड."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. गोचीड बैलाचं रक्त पिऊन टम्म झाली की गळून पडते. गोठ्यातल्या भिंतीच्या फटीत, शेणात जाऊन अंडी घालते. नवी पिल्लं पुन्हा बैलाच्या अंगावर चढतात. "माणसं बैलाला औषध चोळायची अन् गोठा तसाच ठेवायची. आठ दिवसांनी पुन्हा दवाखान्यात. मी सांगायचो, बैल धुऊ नका, आधी गोठा धुवा. फटी लिंपा. बैल साफ दिसला तरी महिनाभर गोठा सोडू नका." त्यांनी टाकीच्या तळाच्या खड्यांकडे बोट केलं. "हा गोठा हाय. ह्याच्यातनं घाण काढायला पाहिजे, रोज. औषध वाढवू नको. ठिपके आज वाढलेत ते आधीच चिकटलेल्यांचे. आता खाली पडू दे त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोठा धुवायला घेतला. प्लास्टिकची नळी खड्यांत खुपसून तळाचं पाणी बादलीत ओढायचं. नळीत पाणी चढवायला तोंडाने ओढावं लागतं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं, मला न विचारता. मी संध्याकाळी आले तर त्यांचे ओठ आणि पुढचे दात जांभळट निळे. दुकानातून हातपंपाची नळी आणेपर्यंत मी त्यांना टाकीला हात लावू दिला नाही.

जेवढं पाणी काढायचं तेवढं नवीन घालायचं, आणि आमच्याकडे नळाला एकाआड एक दिवस पाणी. पाण्याच्या दिवशी मी घरातल्या सगळ्या बादल्या, पिंप, अगदी आंघोळीचा टबसुद्धा भरून उघडा ठेवायची, क्लोरीन उडून जावं म्हणून. अण्णा त्यात कोमट पाणी मिसळून हाताने अंदाज घ्यायचे, म्हशीच्या रेडकाला दूध पाजायच्या आधी घेतात तसा, आणि मग थर्मामीटर घालून बघायचे. दोन्ही बहुतेक वेळा जुळायचं. जितकं पाणी नवीन, तेवढ्याच पाण्याचं औषध मोजून टाकायचं, हे गणित मी त्यांना भिंतीवर लिहून दिलं होतं.

सहाव्या दिवशी बावन्नाचे अडतीस झाले. सातव्या दिवशी सतरा. मोठा मासा हीटरखालून बाहेर आला. आठव्या दिवशी मी प्लांटमधून जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर अण्णांचा मेसेज होता. त्यांना मेसेज टाइप करायला येत नव्हतं; त्यांनी आवाज पाठवला होता. "सहा. अन् खाल्लं त्यानं. तुझ्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, किती दाणे खाल्ले? मी म्हणालो, मोजले न्हाईत. त्या म्हणाल्या, उद्या मोजा."

कॅन्टीनमध्ये डबा उघडून मी तो आवाज तीनदा ऐकला. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं, कुणाचा मेसेज?" मी म्हणाले, "आमच्याकडे पेशंट आहे. जेवला आज."

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडून आत आले तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. हातात कॅलेंडरचं पान होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. शेवटच्या ओळीत शून्य होतं. त्याला त्यांनी दोनदा गोल केलं होतं.

पाचही मासे वर आले होते, तोंड उघडं करून, खायला मागत. मोठ्याची शेपटी निळ्या पाण्यात पंख्यासारखी उघडत होती आणि तिच्यावर एकही ठिपका नव्हता. मी काचेवर हात ठेवला तर तो हाताजवळ आला. मला रडू आलं. अण्णा म्हणाले, "रडतीस कामून? जिंकलो की आपण."

मला औषध त्याच दिवशी थांबवायचं होतं. त्यांनी थांबवू दिलं नाही. "बैल साफ दिसला म्हणून गोठा सोडायचा न्हाई." अजून आठवडाभर तोच क्रम चालला, नळी, बादल्या, औषध, दहाचा फोन. मग त्यांनीच एका सकाळी पाणी थोडं थोडं बदलत निळा रंग उतरवायला घेतला, आणि दोन दिवसांत टाकी पहिल्यासारखी स्वच्छ झाली.

काकू फेब्रुवारीत आल्या. मुलगी आणि वॉकर दोन्ही बरोबर होते. आल्या त्या सरळ टाकीकडे गेल्या, चपलासुद्धा काढल्या नाहीत. मोठा मासा त्यांच्या बोटामागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. त्या बराच वेळ त्याच्याशी तसंच खेळत राहिल्या. मग वळून त्यांनी सोफ्याच्या कडेला अवघडून उभ्या असलेल्या अण्णांकडे बघितलं. इतके दिवस ती दोघं फक्त फोनवर बोलली होती.

"तो कागद कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

अण्णांनी खिशातून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. काकूंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं, प्रत्येक आकडा. एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "चौथ्या दिवसाचे ठिपके लिहिले नाहीत."

"त्या दिवशी कोळसा काढत होतो," अण्णा म्हणाले.

"हं." काकूंनी कागद खाली ठेवला नाही. "हा माझ्याकडे राहू द्या." आणि मग, त्यांच्या त्याच कोरड्या आवाजात, "मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या. इतक्या मन लावून लिहिलेल्या फार थोड्या होत्या."

अण्णा कानापर्यंत लाल झाले.

मी आणलेल्या दोनपैकी उरलेला छोटा पांढरा-लाल मासा काकूंनी ठेवून घेतला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पुन्हा हौस आली तर आधी मला विचार." मी विचारेन म्हणाले.

सोसायटीत गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांच्या टाकीचं पाणी गढूळ होतं म्हणून अण्णांना घेऊन गेले. मग त्यांच्या ऑफिसमधला कुणीतरी, रावेतला राहणारा, त्याने फोन केला. त्याच्या माशाचं पोट फुगलं होतं. मी म्हणाले, रविवारी गाडीने सोडते. अण्णा म्हणाले, "रविवारपर्यंत पेशंट थांबत नसतो. तू कामाला जा. बस कळती मला." इथे आल्यापासून ते एकटे कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर ते आधीच परतले होते आणि गॅलरीऐवजी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. मी विचारलं, काय झालं होतं माशाला.

"काहीच न्हाई," ते म्हणाले. "घरातली चार माणसं चार वेळा खाऊ घालायची, एकाला दुसऱ्याचं माहीत न्हाई. मी त्याला दोन दिवस उपास सांगितला, चहा घेतला अन् आलो." मेथीची एक काडी त्यांनी बाजूला टाकली. "चहा चांगला होता. रावेत लांब हाय, पण बस रिकामी असती दुपारची. पुढच्या बुधवारी परत बोलवलंय त्यांनी."